शर्यत वेगाची, लढाई वॅटची

ऑक्टोबर २००४. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या ऑरलँडो शहरात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील हजारो अधिकाऱ्यांची परिषद भरली होती. व्यासपीठावर होते ‘इंटेल’ या बलाढ्य चिप उत्पादक कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी क्रेग बॅरेट. चार गिगाहर्ट्झ वेगाचा ‘पेंटियम ४’ प्रोसेसर बाजारात आणण्याचे आश्वासन कंपनीने दिले होते आणि काही दिवसांपूर्वीच ते मागे घेतले होते. त्याविषयी बोलताना बॅरेट यांनी चक्क व्यासपीठावर गुडघे टेकले आणि उपस्थितांची माफी मागितली. त्यात थट्टेचा भाग मोठा होता, हे खरे. पण ज्या कंपनीने दहा-बारा वर्षे ‘अधिक मेगाहर्ट्झ म्हणजे अधिक चांगला संगणक’ हे समीकरण घरोघरी पोहोचवले, तिच्याच प्रमुखाने त्या समीकरणापुढे टेकलेले ते गुडघे होते.

बॅरेट यांना हा पराभव कुणा प्रतिस्पर्ध्याने पत्करायला लावला नव्हता. चार गिगाहर्ट्झच्या चिपला अडवले होते ते उष्णतेने. टेबलावरच्या संगणकात मोठा पंखा बसवून उष्णतेची समजूत काढता येते; मांडीवर घेऊन बसण्याच्या यंत्रात ती सोय नाही. त्यामुळे पुढच्या वीस वर्षांत प्रोसेसर उत्पादकांमधली खरी चुरस लॅपटॉपच्या पातळ पेटीत रंगली, आणि तिचा निकाल गिगाहर्ट्झऐवजी वॅटमध्ये लागत गेला. आज साठ-सत्तर हजार रुपये मोजून लॅपटॉप घेणारा ग्राहक नेमके कशाचे पैसे मोजतो, हे समजण्यासाठी ही चुरस मुळापासून पाहणे आवश्यक आहे.

पुण्यात जन्मलेला ‘पेंटियमचा जनक’

१९९३ मध्ये पहिला ‘पेंटियम’ आला तेव्हा त्याचा वेग होता ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ. त्याच्या निर्मितीचे नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. दिल्लीत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले आणि पुढे ‘पेंटियमचे जनक’ म्हणून ओळखले जाऊ लागले. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले तेव्हा हा उल्लेख सर्वत्र झाला. मात्र त्यांच्या कारकिर्दीचा पुढचा भाग तितकाच रंजक आहे. १९९५ मध्ये धाम यांनी ‘इंटेल’ सोडली आणि ते ‘नेक्सजेन’ या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी लवकरच ‘एएमडी’ने, म्हणजे ‘इंटेल’च्या कट्टर प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली आणि तिच्या आराखड्यातून १९९७ मध्ये ‘के-६’ हा प्रोसेसर साकारला. म्हणजे पेंटियम घडवणाऱ्यांपैकी एकानेच त्याच्या स्पर्धकालाही हातभार लावला!

या दोन कंपन्यांची झुंज मार्च २००० मध्ये शिगेला पोहोचली. ६ मार्चला ‘एएमडी’ने एक गिगाहर्ट्झचा ‘ॲथलॉन’ जाहीर केला. दोनच दिवसांनी ‘इंटेल’ने एक गिगाहर्ट्झचा ‘पेंटियम ३’ पुढे केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘पेंटियम ४’ आला तो थेट १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचे आकडे घेऊन.

आता हा गिगाहर्ट्झ म्हणजे काय? प्रोसेसरच्या आत एक ठोका सतत पडत असतो आणि प्रत्येक ठोक्याला काम एक पाऊल पुढे सरकते. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. पण एका पावलात काम किती होते, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. ‘पेंटियम ४’ची मेख इथेच होती. ठोका जलद पडावा म्हणून अभियंत्यांनी प्रत्येक कामाचे अधिकाधिक बारीक तुकडे केले. पहिल्या ‘पेंटियम ४’मध्ये ही साखळी २० टप्प्यांची होती, २००४ च्या ‘प्रेस्कॉट’ या आवृत्तीत ती ३१ टप्प्यांवर गेली.

लांब साखळीचा तोटा समजण्यासाठी रेल्वे स्थानकाबाहेरचा वडापावचा गाडा डोळ्यांसमोर आणावा. नेहमीचे गिऱ्हाईक दुरून दिसताच गाडीवाला पाव कापायला घेतो, चटणी लावतो, वडा ठेवतो. त्याचा अंदाज बरोबर आला तर वेळ वाचतो. पण गिऱ्हाइकाने आज भजीपाव मागितला, तर केलेली तयारी वाया. प्रोसेसरही पुढची आज्ञा कोणती असेल याचा असाच अंदाज बांधून काम आधीच सुरू करत असतो. साखळी दहा-बारा टप्प्यांची असेल तर चुकीच्या अंदाजाचा फटका थोडा. ३१ टप्प्यांची असेल तर अर्धवट झालेले ढीगभर काम फेकून द्यावे लागते आणि त्यावर खर्च झालेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते.

विजेचे गणित

उष्णतेचे गणित शाळेतल्या बीजगणिताइतके सोपे आहे. चिपमध्ये खर्च होणारी वीज दोन गोष्टींवर अवलंबून असते. ठोक्यांच्या वेगाच्या प्रमाणात ती वाढते आणि विद्युतदाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर सहसा दाबही वाढवावा लागतो, म्हणून खर्च जवळजवळ घनाच्या प्रमाणात चढतो. हेच गणित उलटे केले की गंमत दिसते. वेग आणि दाब दोन्ही वीस टक्क्यांनी कमी केले तर विजेचा खर्च ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे सुमारे निम्म्यावर येतो. वीस टक्के वेग सोडला आणि निम्मी वीज वाचली! त्या वाचलेल्या विजेत तसाच दुसरा कोअर, म्हणजे गणना करणारा दुसरा गाभा, बसवला तर तेवढ्याच खर्चात एकूण दीडपटीहून अधिक काम होऊ शकते. अट एवढीच की काम दोघांत वाटता आले पाहिजे. आजच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये अनेक कोअर का असतात, याचे उत्तर या ओळभर गणितात आहे.

मग हे आधीच का सुचले नाही? कारण तोवर गरजच भासली नव्हती. ‘आयबीएम’चे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर जसजसा लहान होत जाईल तसतसा त्याला लागणारा दाबही कमी करता येईल, त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर कोंबले तरी उष्णता वाढणार नाही. तीस वर्षे हा नियम चिप उत्पादकांना कामधेनूसारखा पावला. २००४-०५ च्या सुमारास ती आटली. ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले होते की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, आणि दाब आणखी खाली आणणे कठीण होऊन बसले. बॅरेट यांचे गुडघे टेकणे नेमके याच वळणावरचे.

लॅपटॉपला तर आणखी एक बेडी आहे, ती बॅटरीची. विमानात विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे, त्यामुळे कोणताही उत्पादक तिच्या फारसा पुढे जात नाही. साधारण लॅपटॉपची बॅटरी ५० वॅट-तासांच्या आसपास असते. यंत्र सरासरी २५ वॅट खात असेल तर ती दोन तासांत संपते. पाच वॅटवर भागवत असेल तर दहा तास पुरते. २००२ ते २००४ या काळात काही उत्पादक टेबलावरच्या संगणकाचा ‘पेंटियम ४’ जसाच्या तसा लॅपटॉपमध्ये बसवत. ज्यांनी ती यंत्रे वापरली आहेत त्यांना त्यांचे वजन, पंख्याची घरघर आणि मांडीला बसणारा चटका आठवत असेल. नाव ‘लॅपटॉप’, पण लॅपवर ठेवायची सोय नाही!

वीज वाचवण्याचा विचार पहिल्यांदा गाजवला तो ‘ट्रान्समेटा’ या नवख्या कंपनीने. जानेवारी २००० मध्ये तिने ‘क्रूसो’ हा प्रोसेसर आणला. ‘लिनक्स’चे जनक लिनस टोरवाल्ड्स त्या काळी तिथेच नोकरीला असल्याने तिचा बोलबाला मोठा झाला. कामाचा बराच भाग सॉफ्टवेअरवर सोपवून चिप लहान आणि थंड ठेवायची, अशी ती कल्पना. विजेत ‘क्रूसो’ काटकसरी ठरला, पण वेगात कमी पडला आणि कंपनी अखेर टिकली नाही. तिने ‘इंटेल’ला जागे केले, एवढे श्रेय मात्र तिच्या पदरात टाकायला हवे.

हैफाचा धडा

‘इंटेल’चा प्रतिसाद आला तो अमेरिकेतून नव्हे, तर इस्रायलमधील हैफा येथील संशोधन केंद्रातून. तिथल्या अभियंत्यांनी ‘टिम्ना’ नावाची एक स्वस्त चिप जवळजवळ पूर्ण केली होती. २००० मध्ये मुख्यालयाने तो प्रकल्प गुंडाळला. हात मोकळे झालेल्या या चमूला केवळ लॅपटॉपसाठी प्रोसेसर बनवण्याचे काम मिळाले. मूली एडन यांच्या नेतृत्वाखालील या चमूने ‘पेंटियम ४’ची लांबलचक साखळी बाजूला ठेवली आणि जुन्या ‘पेंटियम ३’च्या वळणावर नवा आराखडा रचला. प्रत्येक ठोक्यात अधिक काम व्हावे, अंदाज कमी चुकावेत आणि चिपचा जो भाग वापरात नाही तो झोपी जावा, ही त्यामागची सूत्रे होती.

मार्च २००३ मध्ये हा ‘पेंटियम एम’ बाजारात आला. १.६ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर दोन गिगाहर्ट्झच्या वर धावणाऱ्या लॅपटॉपमधील ‘पेंटियम ४’च्या खांद्याला खांदा लावून काम करत होता आणि त्याची उष्णतेची मर्यादा होती अवघी साडेचोवीस वॅट. आता प्रश्न होता विक्रीचा! ज्या ग्राहकाला आपणच वर्षानुवर्षे ‘आकडा मोठा तो माल चांगला’ असे शिकवले, त्याला १.६ चा आकडा २.४ च्या तोडीचा आहे हे कसे पटवायचे? ‘इंटेल’ने त्यावर नामी तोडगा काढला. प्रोसेसर, त्याची जोडीची चिप आणि वायफाय यांची मोट बांधून तिला ‘सेंट्रिनो’ असे नाव दिले आणि जाहिराती बिनतारी इंटरनेटच्या केल्या. २००४ मध्ये तर कंपनीने प्रोसेसरच्या नावातून गिगाहर्ट्झ काढून तिथे क्रमांक आणले. ‘एएमडी’ने तो मार्ग २००१ मध्येच धरला होता. आज दुकानात आपल्याला चकवणाऱ्या क्रमांकांचे मूळ हे असे आहे.

२००६ मध्ये हैफाच्याच वाटेने पुढे गेलेले ‘कोअर’ आणि ‘कोअर २’ आले आणि ‘पेंटियम ४’चा वंश खुंटला. लॅपटॉपसाठी आखलेली चिप टेबलावरच्या संगणकातही जाऊन बसली. धाकट्याने थोरल्याचे घर चालवायला घ्यावे तसे हे झाले.

एकाच कारणाने दोनदा घटस्फोट

याच सुमारास ‘ॲपल’चे स्टीव्ह जॉब्स अस्वस्थ होते. त्यांचे मॅकिंटॉश संगणक ‘पॉवर पीसी’ या प्रोसेसरवर चालत. त्यातला ‘जी ५’ टेबलावर जोमाने धावे, पण इतका तापे की २००४ मध्ये एका मॉडेलला पाण्याच्या नळ्यांनी थंड करावे लागले. तो लॅपटॉपमध्ये बसवणे कधीच जमले नाही. जून २००५ मध्ये जॉब्स यांनी ‘इंटेल’शी हातमिळवणी जाहीर केली तेव्हा कारण दिले ते वेगाचे नव्हे, तर प्रत्येक वॅटमागे होणाऱ्या कामाचे. बरोबर पंधरा वर्षांनी, जून २०२० मध्ये, ‘ॲपल’ने ‘इंटेल’लाही सोडचिठ्ठी दिली. कारण तेच!

मधल्या काळात काय घडले होते? २००८ मध्ये ‘ॲपल’ने ‘पीए सेमी’ ही कमी विजेच्या चिप आखणारी छोटी कंपनी २७ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. उद्देश होता आयफोनसाठी स्वतःचे प्रोसेसर घडवण्याचा. पहिल्या आयफोनची चिप बनवण्याची संधी ‘इंटेल’कडे चालून आली होती, पण देऊ केलेली किंमत परवडणार नाही असा हिशेब करून कंपनीने ती नाकारली. तो हिशेब चुकीचा होता, हे तत्कालीन प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये निवृत्त होताना एका मुलाखतीत मान्य केले.

मोबाइल फोनमध्ये पंखा नसतो आणि बॅटरी हाताच्या पंजाएवढीही नसते. तिथे काम करणाऱ्या अभियंत्याला एकेक मिलिवॅट जपूनच खर्चावा लागतो. दहा वर्षे या कडक शाळेत शिकून ‘ॲपल’चा चमू लॅपटॉपकडे वळला. ‘इंटेल’ आणि ‘एएमडी’ हे मोठ्या यंत्रांकडून छोट्या यंत्रांकडे उतरत आले होते. ‘ॲपल’ खालून वर चढत आली. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतील लॅपटॉप-स्पर्धेचे मर्म या एका फरकात आहे. बंगल्यात वाढलेल्याला चाळीतल्या एका खोलीत संसार मांडणे जड जाते. खोलीत संसार केलेल्याला फ्लॅट मिळाला तर तो ऐसपैस राहतो.

१० नोव्हेंबर २०२० रोजी जाहीर झालेल्या ‘एम १’ चिपमध्ये १६०० कोटी ट्रान्झिस्टर होते. जोरकस कामासाठी चार मोठे कोअर आणि किरकोळ कामासाठी चार काटकसरी कोअर अशी तिची रचना होती. तिचा ठोका ३.२ गिगाहर्ट्झचा, म्हणजे ‘इंटेल’च्या त्या वेळच्या वेगवान लॅपटॉप-चिपपेक्षा कमी. पण तिचा मोठा कोअर एका ठोक्याला आठ आज्ञा उलगडून कामाला लावू शकत होता. ‘इंटेल’चे कोअर चार-पाचवर थांबत. फरक किती पडला? ‘मॅकबुक एअर’ या लॅपटॉपची २०२० च्या प्रारंभीची ‘इंटेल’ आवृत्ती आणि वर्षअखेरची ‘एम १’ आवृत्ती यांत ४९.९ वॅट-तासांची एकसारखीच बॅटरी होती. व्हिडिओ पाहण्यासाठी कंपनीने पहिलीला १२ तास सांगितले होते, दुसरीला १८. शिवाय दुसरीत पंखाच नव्हता.

कारखाना कुणाचा?

या कथेत ‘इंटेल’ केवळ आराखड्यात मागे पडली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. खरा घोळ कारखान्यात झाला. २०१४ मध्ये कंपनीने १४ नॅनोमीटर तंत्राचे प्रोसेसर आणले तेव्हा ती जगात सर्वांच्या पुढे होती. पुढचे १० नॅनोमीटरचे तंत्र मात्र लांबत गेले. २०१५ मध्ये कंपनीने ते २०१७ च्या उत्तरार्धात येईल असे सांगितले. लॅपटॉपमध्ये ते मोठ्या प्रमाणावर पोहोचायला २०१९ उजाडले. तोवर त्याच १४ नॅनोमीटरच्या चिप दरवर्षी नवे नाव आणि नवी ‘जनरेशन’ लावून विकल्या गेल्या.

त्याचा लाभ उठवला ‘एएमडी’ने. या कंपनीचे संस्थापक जेरी सँडर्स, स्वतःचा कारखाना असणे हेच खऱ्या मर्दाचे लक्षण, असे अभिमानाने सांगत. २००९ मध्ये याच कंपनीला कर्जाच्या ओझ्यापायी कारखाने वेगळे काढावे लागले. २०११ चा ‘बुलडोझर’ हा आराखडा फसला आणि २०१५ मध्ये कंपनीचा समभाग दोन डॉलरच्याही खाली घसरला. लिसा सू यांनी २०१४ च्या ऑक्टोबरात सूत्रे हाती घेतली तेव्हा कंपनी टिकेल की नाही याचीच चर्चा होती. २०१७ मध्ये ‘झेन’ आराखड्यावरचे ‘रायझन’ प्रोसेसर आले. पुढे त्यांचे उत्पादन तैवानच्या ‘टीएसएमसी’ कंपनीच्या ७ नॅनोमीटर तंत्रावर सुरू झाले आणि २०२० मध्ये ‘एएमडी’ने अवघ्या १५ वॅटच्या लॅपटॉप-चिपमध्ये आठ कोअर बसवून दाखवले. तशाच पातळ लॅपटॉपसाठी ‘इंटेल’ त्या वेळी बहुधा चार आणि क्वचित सहा कोअर देत होती. ज्या कारखान्यांचे ओझे फेकून द्यावे लागले, त्यांच्या नसण्यानेच कंपनीला वाट मोकळी करून दिली.

ही स्पर्धा नेहमीच सरळ मैदानात झाली असे नाही. लॅपटॉप उत्पादकांना सवलती देऊन ‘एएमडी’चा माल बाजूला ठेवायला लावल्याच्या आरोपावरून युरोपीय आयोगाने २००९ मध्ये ‘इंटेल’ला १०६ कोटी युरोंचा दंड केला. तो पुढे २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला. मात्र २००९ मध्येच ‘इंटेल’ने ‘एएमडी’ला १२५ कोटी डॉलर देऊन आपसातील दावे मिटवले होते. अधिक चांगली चिप बनवली की ती आपोआप दुकानात पोहोचते, हा समज भाबडा आहे.

तिसरा आणि चौथा भिडू

‘एम १’च्या यशानंतर मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या ‘क्वालकॉम’लाही धीर आला. मोबाइलमधील ‘आर्म’ आराखड्यावर विंडोज चालवण्याचा तिचा २०१८ मधला प्रयत्न मंद गतीमुळे फसला होता. २०२१ मध्ये तिने ‘नुव्हिया’ ही नवी कंपनी सुमारे १४० कोटी डॉलरना घेतली. तिचे संस्थापक होते ‘ॲपल’मध्ये चिप घडवलेले अभियंते! त्यावरून ‘आर्म’ने ‘क्वालकॉम’वर खटला भरला, डिसेंबर २०२४ मध्ये ज्यूरीचा कौल बहुतांशी ‘क्वालकॉम’च्या बाजूने लागला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘स्नॅपड्रॅगन एक्स’ प्रोसेसरचे लॅपटॉप बाजारात आले. बॅटरीच्या बाबतीत विंडोजच्या जगात त्यांनी खळबळ उडवली. त्यांची गोम वेगळीच आहे. ‘इंटेल’च्या भाषेत लिहिलेले सॉफ्टवेअर त्यांवर अनुवादित होऊन चालते, पण प्रिंटर, स्कॅनर किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांच्या ड्रायव्हरचा असा अनुवाद होत नाही, तो ‘आर्म’साठी स्वतंत्र लिहिलेला लागतो. सनदी लेखापालाच्या किंवा वकिलाच्या कार्यालयासाठी यंत्र घेताना ही बाब आधी तपासलेली बरी.

‘इंटेल’नेही हात टेकले नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘लुनार लेक’ चिपमध्ये तिने मेमरी थेट प्रोसेसरच्या शेजारी, एकाच आवरणात बसवली आणि विजेच्या बाबतीत ‘क्वालकॉम’ला तुल्यबळ उत्तर दिले. पण त्या चिपचा मुख्य गणना करणारा भाग ‘इंटेल’च्या कारखान्यात बनलेला नव्हता. तो ‘टीएसएमसी’कडून करून घेतला होता. म्हणजे त्या वर्षी ‘ॲपल’, ‘एएमडी’, ‘क्वालकॉम’ आणि ‘इंटेल’ हे चारही स्पर्धक आपले पातळ लॅपटॉपचे आघाडीचे प्रोसेसर एकाच तैवानी कंपनीच्या भट्टीतून काढत होते. शर्यत चौघांची, पण घोडे एकाच तबेल्यातले. तैवानच्या सामुद्रधुनीतल्या तणावाची बातमी आली की चिप उद्योगाच्या पोटात गोळा का येतो, हे यावरून ध्यानात यावे. डिसेंबर २०२४ मध्ये ‘इंटेल’चे प्रमुख पॅट गेल्सिंगर पायउतार झाले, ऑगस्ट २०२५ मध्ये खुद्द अमेरिकी सरकारने कंपनीत सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. जानेवारी २०२६ मध्ये सादर झालेल्या ‘पँथर लेक’ मालिकेसाठी कंपनीने ‘१८ए’ हे स्वतःचे तंत्र वापरले. स्वतःच्या भट्टीवर परतण्याचा हा तिचा मोठा डाव आहे.

दुकानात गेल्यावर

या सगळ्या घडामोडींत ग्राहकाच्या हाती येते ती लॅपटॉपच्या कडेला चिकटवलेली एक चकचकीत पट्टी. ती वाचताना सावध राहावे. ‘एएमडी’चा ‘रायझन ५ ७५२०यू’ हे नाव पाहून तो २०२२ च्या ‘सात हजार’ मालिकेतला ताजा माल वाटतो. प्रत्यक्षात त्याचे कोअर २०१९ च्या ‘झेन २’ आराखड्याचे आहेत. त्या क्रमांकातला तिसरा अंक हे सांगतो, पण दुकानात ते कोण समजावून देणार? ‘इंटेल’ने २०२४ च्या प्रारंभी ‘कोअर ७’ आणि ‘कोअर अल्ट्रा ७’ अशी दोन नावे शेजारी शेजारी ठेवली. ‘अल्ट्रा’ नव्या आराखड्याचा आणि नुसता ‘कोअर ७ १५०यू’ आधीच्या पिढीचा. एका शब्दाचा फरक, आणि तोही जाहिरातीत सहज गळून पडणारा.

नावाचा घोळ सुटला तरी प्रश्न संपत नाही. ‘कोअर अल्ट्रा ७ १५५एच’ या चिपची मूळ मर्यादा २८ वॅट आहे, पण थोड्या वेळासाठी ती ११५ वॅटपर्यंत वीज ओढू शकते. ती किती वेळ ओढू द्यायची, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या पेटीतील पंखा आणि तांब्याच्या नळ्या पाहून ठरवते. म्हणून एकच चिप असलेले दोन लॅपटॉप तासभराच्या कामात एकमेकांपासून बरेच दूर जाऊ शकतात. चिपचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की ती स्वतःच वेग कमी करते. वातानुकूलित दालनात हे लवकर घडत नाही. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा पंखा लावूनही घाम फुटणाऱ्या मुंबईतल्या खोलीत लवकर घडते.

मे २०२४ पासून आणखी एक आकडा पट्टीवर आला आहे, तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा. ‘मायक्रोसॉफ्ट’ने आपल्या विशेष श्रेणीच्या लॅपटॉपसाठी सेकंदाला किमान ४० लाख कोटी गणना करणाऱ्या स्वतंत्र भागाची अट घातली आणि सर्व उत्पादक पुन्हा एकदा मोठ्या आकड्याच्या मागे धावू लागले. पत्रे, हिशेब, मुलांचा अभ्यास आणि चित्रपट यांसाठी लॅपटॉप घेणाऱ्याला त्या आकड्याचा उपयोग आज तरी थोडा आहे. मेगाहर्ट्झचा जमाना पाहिलेल्यांना त्यात जुनेच ओळखीचे काही दिसले तर नवल नाही.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात असो किंवा एखाद्या मॉलमध्ये, मांडून ठेवलेला लॅपटॉप बहुतेक वेळा चार्जरला जोडलेला असतो आणि गिऱ्हाईक तो दोन-तीन मिनिटे हाताळतो. चिपला जास्तीची वीज ओढायची मुभा असते तीही साधारण तेवढाच वेळ. त्यामुळे दुकानात प्रत्येक यंत्र वेगवानच भासते. विक्रेत्याला विनंती करून चार्जरची वायर काढावी, एखादा मोठा व्हिडिओ आणि पंधरा-वीस संकेतस्थळे उघडून यंत्र वीस मिनिटे तसेच चालू ठेवावे आणि मग तळाला हात लावून पाहावे. बॅटरीचा आकडा तोवर किती खाली आला, तेही टिपून घ्यावे.